टोरोंटो मेपल लीफ्स २०२५-२६: मार्नर गेल्यानंतरचा पहिला सीझन, तुम्ही सतत विचारता ते प्रश्न

जुलैपासून तेच तेच प्रश्न येतायत, शब्द थोडे इकडेतिकडे पण गाभा एकच, की टीमचा स्टार खेळाडू मिच मार्नर व्हेगासला गेला, आता पुढे काय. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय, सोप्यापासून किचकटपर्यंत. लिहितोय तेव्हा सीझन अगदी तोंडावर आलाय, पहिली मॅच ८ ऑक्टोबर २०२५, टोरोंटोतच, समोर मॉन्ट्रियल.

१. मी नवीन आहे, हे नक्की कुठलं हॉकी? आणि लीफ्सबद्दल लोक एवढे हळवे का असतात?

आइस हॉकी. बर्फावर स्केट्स घालून खेळतात, बॉलऐवजी चपटा रबरी पक असतो, दोन्हीकडून पाच-पाच खेळाडू आणि एक-एक गोलकीपर, वीस मिनिटांचे तीन पीरियड. तीन फॉरवर्ड एकत्र खेळतात त्यांना लाइन म्हणतात (मधला सेंटर, बाजूचे दोन विंगर), मागे दोन डिफेन्समन, आणि दर पाऊण-एक मिनिटाला लाइन बदलते कारण त्यापेक्षा जास्त वेळ त्या स्पीडने कोणी पळूच शकत नाही. गोल करणाऱ्याला एक पॉइंट आणि त्याआधी पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना एकेक असिस्ट म्हणजे तोही पॉइंट, हे लक्षात ठेवा, प्रश्न ६ मध्ये लागेल.

मेपल लीफ्स ही टोरोंटोची टीम. एनएचएल या अमेरिका-कॅनडाच्या लीगमध्ये ३२ टीम आहेत, लीफ्सनी स्टॅनली कप म्हणजे लीगचं विजेतेपद १३ वेळा जिंकलाय, पण शेवटचा १९६७ साली, तेव्हा लीगमध्ये फक्त सहा टीम होत्या. त्यानंतर फायनलसुद्धा नाही. हळवेपणा तिथून येतो.

२. मागचा सीझन तर चांगला गेला होता ना, मग एवढी उलथापालथ कशाला?

चांगला म्हणजे खरंच चांगला गेला. कोच क्रेग बेरूबीचं पहिलं वर्ष, ८२ मॅचमध्ये ५२ विजय, १०८ पॉइंट (हे टीमचे पॉइंट, प्रश्न १७ बघा), अटलांटिक डिव्हिजनमध्ये म्हणजे लीगच्या चार गटांपैकी आपल्या गटात पहिला नंबर. मग प्लेऑफ, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्या, प्रत्येक सिरीजमध्ये सातपैकी चार मॅच जिंकणारा पुढे. पहिल्या राउंडला ओटावाला सहा मॅचमध्ये हरवलं. दुसऱ्या राउंडला फ्लोरिडाविरुद्ध पहिल्या दोन्ही मॅच जिंकून २-० ने पुढे होते, आणि तिथून सिरीज गेली. पाचवी मॅच घरी १-६, मग सहावी फ्लोरिडात जाऊन २-० ने जिंकली, आपण सगळे परत आशेला लागलो, आणि सातवी पुन्हा घरी पुन्हा १-६. २०१३ पासून सातव्या मॅचला हरायची ही सातवी वेळ, २०१३, २०१८, २०१९, २०२१, २०२२, २०२४ आणि आता २०२५. फ्लोरिडा पुढे जाऊन सलग दुसरा कप जिंकली हे खरं, पण घरच्या प्रेक्षकांसमोर एकाच सिरीजमध्ये दोनदा १-६ झाल्यावर तीच टीम परत आणणं कोणालाच पटलं नसतं. अध्यक्ष ब्रेंडन शॅनाहन यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, जनरल मॅनेजर ब्रॅड ट्रेलिव्हिंग राहिले, आणि मार्नर गेला.

३. पटकन सांगा, कोण गेलं कोण आलं?

गेले: मिच मार्नर (व्हेगास), पोंटस होल्मबर्ग (टॅम्पा), रायन रीव्ह्ज (सॅन होजे, बदल्यात डिफेन्समन हेन्री थ्रन आला), आणि मॅक्स पॅचिओरेटी, त्याने खेळणंच थांबवलं.

आले: सेंटर निकोलस रॉय (व्हेगासकडून), विंगर मटियास माचेली (युटाकडून), विंगर डकोटा जोशुआ (व्हँकूव्हरकडून).

राहिले, पण नवीन कॉन्ट्रॅक्टवर: जॉन टवारेस चार वर्षं, वर्षाला ४३.८ लाख डॉलर. मॅथ्यू नाईज सहा वर्षं, वर्षाला ७७.५ लाख. सप्टेंबरच्या शेवटी गोलकीपर अँथनी स्टोलार्झ, चार वर्षं, वर्षाला ३७.५ लाख, पण ते पुढच्या सीझनपासून लागू.

असिस्टंट कोच लेन लॅम्बर्ट सिॲटलचा मुख्य कोच झाला, त्याच्या जागी डेरेक लालोंड आलाय.

४. मार्नरला जायचंच होतं तर टोरोंटोला बदल्यात रॉय कसा काय मिळाला? फुकटच गेला असता ना?

असता, १ जुलैला कॉन्ट्रॅक्ट संपून तो मोकळाच होणार होता. पण नियम असा आहे की स्वतःच्या टीमबरोबर खेळाडू आठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट करू शकतो, दुसऱ्या टीमबरोबर सातच. व्हेगासला आठवं वर्ष हवं होतं, म्हणजे तीच रक्कम जास्त वर्षांत पसरते आणि दरवर्षीचा आकडा खाली येतो. म्हणून ३० जूनला टोरोंटोने मार्नरला आठ वर्षं, वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर असं साइन केलं आणि लगेच व्हेगासला ट्रेड केलं. त्या आठव्या वर्षाची किंमत म्हणजे रॉय. पुढच्या वर्षीपासून नवीन करारात ही मर्यादा सात आणि सहा होणार आहे.

आणि "फेब्रुवारी-मार्चमध्येच विकायचा होता ना" असं विचारणाऱ्यांसाठी: त्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नो-मूव्हमेंट क्लॉज होता. त्याच्या परवानगीशिवाय कुठेही पाठवता येत नव्हतं. मॅनेजमेंटला दोष द्यायचाच असेल तर तो क्लॉज लागू व्हायच्या आधीचा, म्हणजे २०२३ च्या उन्हाळ्याआधीचा द्या.

५. मार्नरचा पगार वाचला, मग त्या पैशात मोठा खेळाडू का नाही घेतला?

आधी कॅप. एनएचएलमध्ये प्रत्येक टीमच्या एकूण पगाराला वरची मर्यादा आहे, मागच्या वर्षी ८ कोटी ८० लाख डॉलर होती, यंदा ९ कोटी ५५ लाख. कितीही श्रीमंत टीम असली तरी त्यापुढे जाता येत नाही.

आता बघा, मागच्या वर्षी मॅथ्यूज, नीलँडर, टवारेस आणि मार्नर या चार स्टार फॉरवर्डचेच मिळून साधारण ४ कोटी ६६ लाख जात होते, म्हणजे कॅपच्या ५३ टक्के चार माणसांवर आणि उरलेल्यात बाकीचे सगळे. यंदा वरचे चार फॉरवर्ड म्हणजे मॅथ्यूज १.३२५ कोटी, नीलँडर १.१५ कोटी, नाईज ७७.५ लाख, टवारेस ४३.८ लाख, बेरीज ३ कोटी ६९ लाखांच्या आत, ३९ टक्केसुद्धा नाही. हा मला या उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा बदल वाटतो, मार्नर जाण्यापेक्षाही, कारण मार्नर हे त्याचं कारण आहे पण टवारेसने १ कोटी १० लाखांवरून ४३.८ लाखांवर यायला हो म्हटलं नसतं तर हे गणित जुळलंच नसतं.

मोठा खेळाडू न घेण्याचं साधं कारण म्हणजे बाजारात नव्हता. कॅप एकदम वाढल्यामुळे सगळ्याच टीमकडे पैसा आला आणि त्यांनी आपापले खेळाडू धरून ठेवले, फ्लोरिडानेच बेनेट, एकब्लाड, मार्शांड तिघांनाही ठेवलं. मग ट्रेलिव्हिंगनी मधल्या फळीवर खर्च केला. एका चांगल्या विंगरची जागा अजूनही रिकामी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

६. मार्नरचे १०२ पॉइंट कोण भरून काढणार?

एकटा कोणी नाही, आणि हा प्रश्न थोडा उलगडून बघायला हवा. १०२ मधले गोल २७ आणि असिस्ट ७५. म्हणजे तो गेल्यामुळे १०२ गोल कमी होत नाहीत, मॅथ्यूजने दुसऱ्या कोणाच्या पासवर गोल केला तर तो असिस्ट त्या दुसऱ्याला जातो. २७ गोलांची भरपाई रॉय, माचेली, जोशुआ तिघांत मिळून कागदावर तरी होऊ शकते, रॉयने मागच्या वर्षी १५ केले होते.

खरी अडचण पासची नाही, पासच्या आधीच्या अर्ध्या सेकंदाची आहे. जुने क्लिप्स काढून बघा, मार्नर ब्लू लाइनवरून (समोरच्या टीमचा भाग जिथे सुरू होतो ती निळी रेषा) पक आत आणतो, समोरचा डिफेन्समन अंगावर येतो, आणि इतर खेळाडू पक लगेच सोडतात तिथे हा थांबतो, खांदा एका बाजूला टाकतो, गोलकीपर त्या बाजूला सरकायला लागला की मग विरुद्ध बाजूला पास. मॅथ्यूजला पक मिळतो तेव्हा गोलकीपर आधीच चुकीच्या पायावर असतो. हे शिकवून येत नाही आणि यंदाच्या टीममध्ये हे करणारा नीलँडर सोडून कोणी नाही, आणि नीलँडर स्वतःच शूट करायला आवडणारा माणूस, मागच्या वर्षी ४५ गोल, लीगमध्ये फक्त एडमंटनचा ड्रायसायटल त्याच्या पुढे.

म्हणून बेरूबी वेगळ्या पद्धतीने गोल शोधणार. पक कोपऱ्यात टाका, तिथे जाऊन धक्काबुक्की करून मिळवा, नाईजसारखा ६ फूट ३ इंचाचा माणूस नेटसमोर उभा करा, पाठीमागून शॉट मारा. सेंट लुईसमध्ये २०१९ ला त्याने याच खेळावर कप जिंकलाय. बघायला कमी देखणं असेल, पण एप्रिल-मेमध्ये जेव्हा बर्फावर जागाच मिळत नाही तेव्हा हाच खेळ टिकतो असं माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

७. मग मॅथ्यूजबरोबर खेळणार कोण?

डावीकडे नाईज, हे पक्कं. उजवीकडची जागा मोकळी आहे आणि ट्रेनिंग कॅम्पमध्ये मॅक्स डोमी जास्त दिसला. डोमी पास चांगला देतो पण बचावात झोपतो, त्यामुळे तो सीझनभर तिथे टिकेल असं वाटत नाही, महिन्याभरात माचेली किंवा बॉबी मकमन तिथे दिसला तर नवल नको. नीलँडरला तिथे हलवा असं बरेच जण लिहितात, पण मग टवारेसच्या लाइनवर कोण? दोन धोकादायक लाइन असणं हा या टीमचा मोठा फायदा आहे, तो मोडू नये.

८. मॅथ्यूज परत ६० गोल करेल का?

२०२३-२४ मध्ये ६९ केले आणि मागच्या वर्षी ६७ मॅचमध्ये ३३, त्याच्या आख्ख्या करिअरमधला सगळ्यात कमी आकडा. दुखापतीमुळे नोव्हेंबरमध्ये उपचारासाठी जर्मनीलाही जाऊन आला होता. त्याचा शॉट ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना कळेल, तो पक आधी स्वतःच्या पायांकडे ओढतो आणि त्याच हालचालीत मनगटाने सोडतो, त्यामुळे शॉटचा कोन शेवटच्या क्षणी बदलतो. मागच्या वर्षी ती ओढच दिसत नव्हती. शरीर ठीक असेल तर ४५ ते ५० गोल मला शक्य वाटतात, ६० नाही, कारण प्रश्न ६ मध्ये लिहिलंय तो अर्धा सेकंद आता कोणी मिळवून देणार नाही.

९. माचेली म्हणजे मार्नरची रिप्लेसमेंट का?

नाही, कृपया त्या पोरावर हे ओझं टाकू नका. २०२३-२४ मध्ये ॲरिझोनात त्याने ५७ पॉइंट केले होते, मागच्या वर्षी युटामध्ये १८ वर आला आणि बऱ्याच मॅच बाहेर बसला. टोरोंटोने फक्त ड्राफ्टमधला एक तिसऱ्या राउंडचा पिक (नवीन खेळाडू निवडायचा हक्क) देऊन घेतलाय, कॉन्ट्रॅक्टचं एकच वर्ष राहिलंय. चालला तर लॉटरी, नाही चालला तर मोठं नुकसान नाही.

जोशुआचं मात्र वेगळं आहे. मागच्या वर्षीचे आकडे पडलेले दिसतात पण २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच्यावर कॅन्सरचे उपचार झाले होते आणि तो सीझन सुरू झाल्यावर परत आला. त्याआधीच्या वर्षी १८ गोल होते. पूर्ण तब्येतीत तो काय करतो ते बघायची मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे.

१०. पॉवर प्लेचं काय होणार?

समोरच्या टीमचा एक खेळाडू पेनल्टीत बसतो तेव्हा आपले पाच, त्यांचे चार, तो पॉवर प्ले. मागच्या वर्षी पाचही फॉरवर्ड वापरून मार्नरला मागे टोकाला उभं करायचे, सगळा खेळ त्याच्या काठीवरून फिरायचा. आता ती जागा मॉर्गन रायलीकडे जाईल असं दिसतंय. फरक पडेल, आणि सुरुवातीचे काही आठवडे वाईट दिसेल. उलट बाजूला, म्हणजे आपला माणूस पेनल्टीत असताना, मार्नर तिथेही खेळायचा हे लोक विसरतात, पण ते काम रॉय आणि लॉरेंट्झ निभावतील, तिथे मला काळजी नाही.

११. टवारेस ३५ चा झाला, चार वर्षं जास्त नाहीत?

शेवटचं वर्ष जड जाऊ शकतं. पण मागच्या वर्षी ३८ गोल केलेला सेंटर त्या किमतीत लीगमध्ये कुठेही मिळत नाही. बाकी प्रश्न ५ बघा.

१२. डिफेन्समध्ये काहीच बदल नाही केला, हे बरोबर केलं का?

टॅनेव्ह-मकेब, रायली-कार्लो, बेनवा-एकमन-लार्सन, तेच सहा जण. मागच्या वर्षी यांनीच टीम तोलून धरली, विशेषतः टॅनेव्ह, जो शॉटसमोर अंग टाकतो म्हणजे खरोखर टाकतो. पण तो डिसेंबरमध्ये ३६ चा होईल, एकमन-लार्सन ३४, आणि असं खेळणाऱ्यांचं शरीर ८२ मॅच पुरत नाही. दोन जण एकाच वेळी जखमी झाले तर मागे तयार माणूस नाही. पक स्वतः घेऊन वर जाणारा डिफेन्समनही रायली सोडून नाही, आणि मार्नर असताना ही उणीव झाकली जायची.

१३. गोलकीपर कोण? वॉल कुठे गेला?

जोसेफ वॉल वैयक्तिक कारणासाठी रजेवर आहे, त्याच्या खासगी गोष्टीत आपण शिरायचं कारण नाही, तो येईल तेव्हा येईल. तोपर्यंत स्टोलार्झ. मागच्या वर्षी ३४ मॅचमध्ये .९२६ सेव्ह पर्सेंटेज, म्हणजे हजार शॉटमागे ९२६ अडवले, लीगमध्ये सगळ्यात वर. पण ३४ हाच त्याचा करिअरमधला सगळ्यात मोठा आकडा आहे, फ्लोरिडाविरुद्ध पहिल्याच मॅचला जखमी होऊन सिरीजबाहेर गेला, आणि आता वॉल नसताना सुरुवातीचा भार त्याच्यावरच. बॅकअप म्हणून केडन प्रिमोला कॅरोलिनाकडून वेव्हर्सवर (प्रश्न १४ बघा) उचललंय. मला विचाराल तर अख्ख्या सीझनची नाडी इथे आहे.

१४. वेव्हर्स म्हणजे काय? आणि ईस्टन कावनला खाली पाठवतात पण निक रॉबर्टसनला का नाही?

अनुभवी खेळाडूला खालच्या लीगमध्ये (टोरोंटोची तिथली टीम म्हणजे मार्लीज) पाठवायचं असेल तर आधी एक दिवस त्याचं नाव सगळ्या टीमसमोर ठेवावं लागतं, कोणीही त्याला फुकट उचलू शकतं. त्यालाच वेव्हर्स म्हणतात. प्रिमो असाच मिळाला. नवीन पोरांना काही वर्षं यातून सूट असते, कावन २० वर्षांचा आहे, त्याला हवं तितक्या वेळा खाली-वर करता येतं. रॉबर्टसनची सूट संपलीय. म्हणून कॅम्पमध्ये दोघं सारखेच खेळले तरी निर्णय सारखा होत नाही. कावन यंदा कधीतरी वर येईलच, मे-जूनमध्ये कॅनडातल्या लंडन नाइट्स या ज्युनियर टीमने मेमोरियल कप जिंकला त्यात तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू होता.

१५. खेळाडू जखमी झाला तर त्याचा पगार कॅपमधून वजा होतो ना? मग प्लेऑफला सगळे परत आणून कॅपच्या वर खेळता येतं?

आत्तापर्यंत येत होतं आणि त्यावर खूप राग होता. किमान १० मॅच आणि २४ दिवस बाहेर राहणाऱ्याला दीर्घ दुखापतीच्या यादीत टाकून तेवढी जागा वापरता येते, आणि प्लेऑफला कॅपच नव्हती. यंदापासून प्लेऑफमध्येही कॅप मोजणार, त्या मॅचला उतरलेल्या २० जणांचीच बेरीज धरून. त्यामुळे "मार्चमध्ये कोणाला तरी यादीत टाकू आणि स्टार घेऊ" हे आता सहज जमणार नाही.

१६. मग मधेच मोठा ट्रेड होऊ शकतो का?

होऊ शकतो पण द्यायला फार काही नाही. २०२६ चा पहिल्या राउंडचा पिक कार्लोसाठी बॉस्टनला गेलाय, २०२७ चा स्कॉट लॉटनसाठी फिलाडेल्फियाला (दोन्हीत अटी आहेत, पिक फार वरचा निघाला तर टोरोंटोकडेच राहतो). फ्रेझर मिंटन आणि निकिता ग्रेबेन्किन हे चांगले तरुणही त्याच व्यवहारांत गेले. उरला कावन, आणि त्याला देऊ नये.

१७. हरूनही पॉइंट मिळतो हे कसं? आणि प्लेऑफला कोण जातं?

जिंकलं की दोन पॉइंट, ६० मिनिटांत हरलं की शून्य, बरोबरीनंतर ओव्हरटाइम किंवा शूटआउटमध्ये हरलं की एक. ओव्हरटाइम पाच मिनिटं, तीन विरुद्ध तीन, आणि मोकळ्या बर्फावर मार्नर किती उपयोगी होता ते तिथे लगेच जाणवेल. प्रत्येक डिव्हिजनचे पहिले तीन प्लेऑफला जातात आणि प्रत्येक कॉन्फरन्समधून (दोन डिव्हिजन मिळून एक) वाइल्ड कार्डचे दोन, म्हणजे उरलेल्यांतले सगळ्यात जास्त पॉइंटवाले.

१८. सरळ सांगा, यंदा कुठे संपणार?

अटलांटिक यंदा अवघड आहे. फ्लोरिडाचा कॅप्टन बारकोव्ह सप्टेंबरमध्ये सरावात गुडघा दुखावून सीझनभरासाठी गेल्यात जमा आहे आणि कचकही सुरुवातीला नाही, तरी ती टीम फ्लोरिडा आहे. टॅम्पा आहेच. मॉन्ट्रियलने नोआ डॉब्सन घेतलाय, ओटावाची पोरं एक वर्ष मोठी झालीत. माझा अंदाज तिसरा नंबर किंवा वाइल्ड कार्ड, १०८ पॉइंट नाहीत, साधारण ९७-९८. मॅथ्यूज आणि स्टोलार्झ या दोघांपैकी एक जरी मोठ्या काळासाठी बाहेर गेला तर प्लेऑफ चुकू शकतात, २०१६ नंतर पहिल्यांदा, हे मी नाइलाजाने पण मनापासून लिहितोय.

१९. मार्नर टोरोंटोविरुद्ध कधी खेळणार? त्याला हूटिंग करायचं का?

दोन्ही मॅच जानेवारीत, आधी लास व्हेगासला आणि मग टोरोंटोत. त्यानंतर फेब्रुवारीत मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकसाठी लीग थांबेल. हूटिंग होणारच, तिकीट काढून आलेल्याला कोणी अडवू शकत नाही. पण मार्कमचा पोरगा, इथेच लीफ्स बघत वाढलेला, ६५७ मॅच आणि ७४१ पॉइंट या जर्सीत, आधी त्याचा व्हिडिओ स्क्रीनवर लावतील तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, आणि पक पडला की मग हवं ते ओरडावं.